अ‍ॅक्रिलिकची अक्षरं: पहिल्या पाटीआधी एवढं बघ

अक्षरं नीट कापून हातात आहेत म्हणतोस, म्हणजे अर्धं काम झालंच. आता राहिलं ती रंगवणं आणि भिंतीवर लावणं; त्यात घाई तेवढी करू नकोस.

रंग सुटतो तो बहुतेक वेळा घासायचा कंटाळा केल्यामुळे. अ‍ॅक्रिलिक इतकं गुळगुळीत की रंगाला धरायला जागाच नसते. ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) पाण्यात भिजवून हलक्या हाताने चकाकी घालव, साबणाच्या पाण्याने धू, पूर्ण सुकू दे. थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको! मी एकदा पुसलं होतं; ‘क्ष’च्या गाठीपाशी केसासारख्या चिरा पडल्या आणि अक्षर गेलं कचऱ्यात.

स्प्रे २०-२५ सेंटीमीटरवरून मार, पातळ तीन हात. पहिल्या हातानंतर अक्षर ठिपकेदार, अगदी भिकार दिसतं. दिसू दे. तिथेच झाकायला गेलास की ओघळ आलाच.

लावताना:

- मागची बाजू कोरी ठेव. नाहीतर टेप रंगाला चिकटते आणि अक्षर रंग सोडून खाली येतं.
- सुपरग्लू नको, कडेला पांढुरकी झाक धरते. दुहेरी फोम टेप आणि सोबत न्यूट्रल सिलिकॉनचे (व्हिनेगरसारखा आंबट वास नसलेलं सीलंट) दोन-चार ठिपके पुरतात.
- आधी पूर्ण शब्द खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीवर चिकटव, शिरोरेषा लेव्हलने तपास. सुटी कापलेली मात्रा, अनुस्वार नजरेने लावायला गेलास तर हमखास सरकतात.

भिंतीला पोपडे असतील तर अक्षरं आधी बोर्डावर लाव. मागून दिवे वगैरे पुढच्या पाटीला बघू.