गच्चीवरची काळी पिसं

प्रश्न : आमचं घर निफाड तालुक्यात, ऊस आणि द्राक्षबागांच्या मधोमध. थंडीत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पिसं पडतात. मुलगा म्हणतो, हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांचं. सासूबाईंना दमा आहे. ही पिसं छातीत जातात का? आणि बागेत आम्ही शेकोट्या पेटवतो, त्याचं काय? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, एक पीस अलगद उचलून उजेडात धरा. पानाच्या शिरा समांतर रेघांसारख्या दिसल्या, तर ते उसाचं जळकं पाचट. त्याचं खापर सातपूरवर फोडता येणार नाही.

सासूबाईंच्या छातीत हे पीस जात नाही, नाकातच अडतं. खोल जातो तो त्याच जाळातून निघालेला बारीक कण, 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

नोकरीत असताना मी हवेचे नमुने घ्यायचो. 24 तास हवा ओढून झाली की पांढरा फिल्टर चिमट्याने काढायचा. ट्रकांच्या रस्त्यालगतचा निघायचा काळाकुट्ट. हिवाळ्यात शेताकडचा बऱ्याचदा तपकिरी, चहा सांडल्यासारखा, आणि हुंगला तर चुलीचा वास. दोन्हींत कार्बनच. डिझेलच्या धुरात शुद्ध काजळी जास्त. ओल्या काड्या धुमसल्या की डांबरासारखे चिकट सेंद्रिय कण जास्त. तुमच्या हवेत दोन्ही मिसळलेले असणार. मुंबई-आग्रा महामार्ग आहे, बॉयलर आहेत, जनरेटर आहेत, म्हणजे मुलगा अगदीच चुकीचा नाही. शिवाय थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे सगळा धूर झाकण ठेवल्यासारखा खालीच कोंडतो. आपल्याकडे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या या बारीक कणांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 सांगितली.

आता शेकोट्या. पारा घसरला की मणी तडकतात, वर्षाची मेहनत जाते. मी नावं ठेवणार नाही. पण धूर जास्त व्हावा म्हणून मुद्दाम ओला पाला टाकतात ना, तिथे चुकतं. धुराचं पांघरूण बागेला ऊब देतं हा समज खोटा आहे. जमिनीतून निघून जाणारी उष्णता अडवायला धुराचे कण फार बारीक पडतात. ऊब मिळते ती जाळाची. त्यापेक्षा पहाटे विहिरीचं पाणी सोडा, ते त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. छाटणीच्या काड्या आणि पाचट यांची यंत्राने कुट्टी करून सरीत पसरा. (भाड्याचं यंत्र नेमकं गरजेच्या आठवड्यात मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे.)

सासूबाईंना ऊन चांगलं चढेपर्यंत अंगणात बसू देऊ नका. तोंडाला पदर लावून हे कण अडत नाहीत. बाहेर जावंच लागलं तर एन-95 मास्क, तोही घट्ट. डॉक्टरांनी दिलेला पंप हिवाळ्यात मनाने बंद करायचा नाही.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. आंघोळीच्या पाण्याचा बंब तुमच्याकडे कशावर पेटतो? काड्यांवर असेल, आणि सासूबाई सकाळी त्याच्याशेजारी शेकत बसत असतील, तर उद्याच त्यांची खुर्ची तिथून हलवा.