ऑस्टिओसार्कोमात (हाडाच्या कॅन्सरमध्ये) केमोनंतर ‘नेक्रोसिस ७० टक्के’ आला. भावावर औषध लागू पडलं नाही का?

लागू पडलंय, पण पुरेसं नाही: गाठीतल्या बहुतेक पेशी मेल्यात (नेक्रोसिस म्हणजे हेच), उरलेल्यांनी औषधाला दाद दिलेली नाही. मी मुंबईत पॅथॉलॉजीत असे रिपोर्ट लिहिते. ९० टक्के किंवा जास्त पेशी मेल्या तर प्रतिसाद चांगला धरतात. त्याखाली आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे खरं. काही पेशी औषध बाहेर फेकतात, काही सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने डीएनएला केलेली इजा दुरुस्त करतात. मग औषधं वाढवावीत असं कुणालाही वाटेल, पण युरामॉस-१ या मोठ्या चाचणीत आयफॉसफमाइड-इटोपोसाइड ही आणखी दोन औषधं जोडून फायदा दिसला नाही, त्रास मात्र वाढला. अर्थात परळच्या टाटा मेमोरियलच्या ओजीएस-१२ या केमोच्या पद्धतीत आयफॉसफमाइड सुरुवातीपासूनच असतं, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. ऑपरेशननंतरचे डोस मात्र कृपया चुकवू नका.