सासूबाईंचं खरं मत कोणतं?

प्रश्न : यंदा आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बायकांनाही बोलावलं. माझ्या सासूबाई आल्या, वाण घेतलं. पण कुंकवाचा करंडा पुढं केल्यावर त्यांनी हात आडवा धरला. ‘तुमचं चालू दे, मला नको.’ विधवा प्रथा बंद करण्याचा हेरवाडचा ठराव झाला तेव्हा ‘बरं केलं’ म्हणणाऱ्या याच! त्यांना समजावत राहू का? मुलगी नववीत आहे, तीही विचारते. — एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, सासूबाईंची दोन्ही मतं खरी आहेत. केव्हिन काइली आणि स्टीफन व्हेसी या समाजशास्त्रज्ञांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथं उपयोगी पडेल. अमेरिकेत २००६ ते २०१४ या काळात माणसांचे तीन गट करून, प्रत्येक गटातल्या त्याच त्या माणसांना दोन-दोन वर्षांनी तीनदा तेच प्रश्न विचारले होते : धर्म, कुटुंब, राजकारण, नीती. बहुतेक प्रश्नांवर लोकांची उत्तरं थोडी इकडंतिकडं झाली आणि परत मूळ जागी आली. कायमचं मन बदललेले थोडे, त्यातही तरुण जास्त. म्हणजे समाज बदलतो तो बराचसा नवी पिढी वेगळी मतं घेऊन मोठी होते म्हणून.

अभ्यास तिकडचा आहे, पण मी बेळगावात आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलं आणि घराघरांत हेच पाहिलं. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं तेव्हा ऐन तरुण असलेले आजोबा शेवटपर्यंत १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळत राहिले. सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत कुणाच्या वादानं तसूभर हललं नाही. नातू कन्नड सफाईनं बोलतो, आजोबांचा मान राखतो. पण ती आग त्याच्यात असेलच असं नाही.

अपवादही त्याच अभ्यासात आहे. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसारख्या, चारचौघांत गाजलेल्या प्रश्नांवर लोकांची मतं खरोखर बदलली. म्हणून मला हेरवाडचं मोल वाटतं. मे २०२२मध्ये शिरोळ तालुक्यातल्या त्या ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. तो कागद सीमेअलीकडं लागू नाही, पण बातमी तुमच्या सोप्यापर्यंत आलीच ना!

तेव्हा सासूबाईंशी वाद नको. त्या आल्या, वाण घेतलं, हेच मोठं आहे. मुलीला मात्र सगळं मोकळेपणानं सांगा. तिची मतं आत्ता घडताहेत. आणि पुढच्या संक्रांतीला करंडा सासूबाईंच्या हाती देऊन विचारा, इतरांना कुंकू तुम्ही लावाल का? नको म्हणाल्या तर तिथंच थांबा.