दीर्घायुष्य आणि रिकाम्या न होणाऱ्या जागा

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

माणूस दीडशे वर्षे जगू लागला तर समाजाचे काय होईल, हा प्रबंधाचा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. आराखड्यात मात्र लोकसंख्या आणि पेन्शन यांनीच बहुतेक पाने व्यापली आहेत. ते प्रश्न मोठे असले तरी त्यांचे गणित मांडता येते. सत्ता आणि मालकी यांचे तसे नाही.

आधी एक भेद स्पष्ट कर. स्वातंत्र्याच्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. पण ही वाढ मुख्यतः बालमृत्यू आणि साथीचे रोग आटोक्यात आल्यामुळे झाली. आयुष्याची कमाल मर्यादाच पुढे सरकणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिथला नोंदलेला उच्चांक अजूनही 1997 मध्ये वारलेल्या फ्रान्समधील जान काल्माँ यांच्या 122 वर्षांचाच आहे.

आता करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावी जा आणि सातबारे पाहा. नाव नव्वदीच्या आजोबांचे असते. ऊस साठीचा मुलगा पिकवतो, पण विकास सोसायटीचे कर्ज आजोबांच्या नावावर, कारखान्याचा शेअर त्यांचा, म्हणून संचालकांच्या निवडणुकीतले मतही त्यांचेच. वडिलोपार्जित जमिनीत कायदा जन्मानेच हक्क देतो हे खरे, तरी वडिलांच्या हयातीत वाटणी मागायची कोणी? बहुतेक घरांत वारसनोंदीपर्यंत थांबतात. आजोबा दीडशे वर्षे जगले, तर चार-पाच पिढ्या थांबतील.

खुर्च्यांचेही तेच. आपले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश 65 व्या वर्षी निवृत्त होतात, अमेरिकेतले तहहयात राहू शकतात. आपल्या आमदार-खासदारांना तर कमाल वयाची अटही नाही आणि किती वेळा निवडून यावे याची मर्यादाही नाही. शाहू महाराजांच्या हाती 1894 मध्ये कारभार आला तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते, आणि 1902 मध्ये त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. त्या निर्णयाला कडाडून विरोध झाला. विरोध करणारे आणखी शंभर वर्षे त्याच पदांवर बसून राहिले असते तर पुढे काय झाले असते, याचा विचार मला अस्वस्थ करतो. शिवाय आयुष्य वाढवणारे उपचार महाग निघाले, तर ते आधी त्यांनाच मिळतील ज्यांच्याकडे जमीन आणि पद दोन्ही आहे.

पण म्हणून दीर्घायुष्याच्या विरोधात लिहू नकोस. आई-वडिलांना आणखी वर्षे मिळावीत असे कोणाला वाटत नाही? उपाय शोधायचा तो मुदतीत. साखर कारखाना असो, दूध संघ असो की विधानसभा, एका व्यक्तीने एका पदावर किती काळ राहावे, आणि धारकाच्या हयातीतच जमीन पुढच्या पिढीच्या नावावर कोणत्या टप्प्याने जावी, याचे ठोस नियम तू सुचवावेस अशी माझी इच्छा आहे. अमेरिकेने 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून अध्यक्षाला दोनदाच निवडून येण्याची मर्यादा घातली. तिथून सुरुवात करून हे प्रकरण आधी लिही आणि दिवाळीपूर्वी पाठव.