मराठवाड्यातल्या गावात राहून गे असल्याची लाज कशी कमी होईल?

एका दिवसात होत नाही, आधीच सांगतो. मी परभणी जिल्ह्यातला. विसाव्या वर्षी गुपचूप एका डॉक्टरकडे गेलो, तर म्हणाला, "लग्न कर, होईल सगळं ठीक." मग तासभर एसटी स्टँडवर त्यानं दिलेल्या चिठ्ठीची घडी घालत, उघडत बसलो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, आता संमतीचे संबंध गुन्हाही नाहीत. (लग्नाला मान्यता मात्र २०२३ मध्ये नाकारली.)

पण लाज काही निकालानं जात नाही. माझी उतरली ती पुण्यात, प्राइडच्या, म्हणजे आपल्यासारख्यांच्या मोर्चाच्या, गर्दीत. शेजारच्यानं विचारलं, "कुठला रे तू?" म्हटलं, परभणी. "अरे, मी सेलूचा!" तोवर मला वाटायचं, अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच. मग दोघं धपाटे शोधत फिरलो, मिळाले नाहीत.

मुंबईत आपल्यासारख्यांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था आहे, त्यांच्याशी बोल. डेटिंग ॲपवरच्या माणसाला पहिल्यांदा शेतात-बितात नको, चार माणसांत भेट. पैसे उकळणारे असतात.

घरी सांगायची घाई नको, आधी पायावर उभा राहा. मी फक्त ताईला सांगितलं, कापूस वेचताना. ती वेचतच राहिली, मग म्हणाली, "आईला स्थळं बघू नको म्हणून मीच सांगू का?"

दादांना अजून सांगितलेलं नाही.