थेंबाची नक्कल करता येत नाही

प्रश्न : मी निपाणीजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. माझी मुलगी बेळगावात संगणक अभियांत्रिकी शिकते. तळहातावर मावणाऱ्या चिपवर द्रवाचे थेंब फिरवून रासायनिक प्रयोग करतात आणि त्यासाठी वेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषा निघाल्या आहेत, असे ती म्हणते. पायथन, सी प्लस प्लस असताना ही उठाठेव कशासाठी, यावर आमचा वाद झाला. तो मिटवावा.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वाद निम्मा आपण जिंकला आहे. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून २०१० साली प्रसिद्ध झालेली ‘बायोकोडर’ ही सी प्लस प्लसवरच उभी आहे आणि वॉशिंग्टन विद्यापीठाची ‘पडल’ (२०१९) पायथनमधून चालवता येते. मात्र उरलेला निम्मा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

संगणकात एखादी संख्या दहा ठिकाणी वापरली, तरी ती मूळ जागी तशीच राहते. द्रवाचे तसे नाही. आपण पिपेटने १० मिलि रस काढला की बाटलीत तेवढा कमी होतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु साध्या प्रोग्रॅमिंग भाषेला ते मुळीच ठाऊक नसते. म्हणून चिपसाठीच्या भाषेत प्रत्येक द्रव एकदा वापरला की संपला असे धरावे लागते, आणि पुढे तो पुन्हा लागणार असेल, तर आधीच जास्त घेऊन त्याचे भाग करण्याची तरतूद कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला, करावी लागते.

सौम्यीकरणाचेच पाहा. विद्युतदाबाने थेंब सरकवणाऱ्या चिपवर सर्वांत सोपी क्रिया म्हणजे दोन सारखे थेंब मिसळून पुन्हा दोन सारखे भाग करणे. एवढ्यावर ३/८ तीव्रता हवी असेल, तर पाण्याच्या थेंबात नमुन्याचा थेंब मिसळावा (१/२), अर्ध्या भागात पुन्हा नमुना मिसळावा (३/४), आणि त्यातील अर्ध्या भागात पाणी मिसळावे, की ३/८ मिळते. आपण रोज करता ते दहापट सौम्यीकरण मात्र या रीतीने नेमके कधीच साधत नाही, कारण छेदात फक्त दोनचे घात येतात. सात मिश्रणांनंतर १३/१२८ पर्यंत, म्हणजे सुमारे ०.१०१६ पर्यंत, पोहोचता येते. किती मिश्रणे करायची आणि किती थेंब वाया घालवायचे, हा हिशेब माणसाने कागदावर करत बसू नये, यासाठीच ही भाषा.

चिपाही एका जातीच्या नाहीत. काहींत थेंब सरकवणाऱ्या विद्युताग्रांची (इलेक्ट्रोडची) जाळी असते. काहींत सिलिकॉन रबरात केसाएवढ्या बारीक वाहिन्या आणि हवेच्या दाबाने मिटणाऱ्या झडपा असतात, ज्यांची रीत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन क्वेक यांच्या गटाने २००० साली मांडली. आपल्या भागात मुकादमाला काम एकदाच सांगतात. कुणाला ते मराठीत समजवायचे आणि कुणाला कानडीत, हे तो पाहतो. कंपायलरने नेमके तेच करायचे असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांची ‘बायोस्क्रिप्ट’ (२०१८) मला सर्वांत शहाणी वाटते. तिच्यात प्रत्येक द्रवाचा रासायनिक वर्ग नोंदलेला असतो आणि धोकादायक मिश्रण प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच अडवले जाते. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात आम्ल ओतू पाहणाऱ्या शिकाऊ मुलाचा हात आपण धरता, तसेच हे आहे. ‘पडल’ची हुशारी वेगळी : थेंब सांगितल्या जागी पोहोचला की वाटेत अडकला, हे ती कॅमेऱ्याने पाहते आणि चूक सुधारते, बाष्पीभवनाने थेंब आटतो, हेही ती विसरत नाही.

कारखान्यातील ब्युरेट मात्र इतक्यात कपाटात ठेवू नका. कच्च्या रसातील भुशाचा एक बारीक कण केसाएवढी वाहिनी तुंबवायला पुरेसा आहे. मुलीने सुरुवात चिप विकत घेऊन करू नये. वर सांगितलेल्या रीतीने कोणत्याही अपूर्णांकासाठी मिश्रणांचा क्रम काढून देणारा छोटा प्रोग्रॅम तिने पायथनमध्ये लिहावा आणि त्यातील प्रत्येक पायरीला वाया जाणारा थेंब आपण मोजावा.