रविवारी फोन आला की आत जाऊ नकोस

ताई, मी ४९ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. बोलणं आता बऱ्यापैकी सुधारलंय, पण बाकी सगळं मलाच करावं लागतं. समुपदेशकांनी रोज लिहायला सांगितलं, म्हणून डायरी सुरू केली. सातवी वही चालू आहे. पहिले काही महिने फार मोकळं वाटलं. हल्ली लिहून उठले की उलट चिडचिड होते, झोप लागत नाही. भाऊ अमेरिकेत असतो. पैसे वेळेवर पाठवतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दर रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा आईच्या हातात फोन देऊन मी आत जाते, तेवढाच लिहायला निवांतपणा. मैत्रीण म्हणते, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहीत जा. लेक म्हणते, मोबाइलवर ॲप घे. माझं लिहिण्यात काय चुकतंय?
एक वाचक, सांगली

वयानं मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

लिहिण्यात तुझं काही चुकत नाही. ॲप नको, तीन चांगल्या गोष्टी नकोत, आणि आठवी वही तर मुळीच नको. तू जाता जाता एक वाक्य लिहून पुढे गेलीस, मी तिथेच अडकले. भावाचा फोन आला की तू आत जातेस.

का जातेस? निवांतपणाचं कारण मला पटलेलं नाही. आई दुपारी झोपत असेलच की. आणि तक्रार नसलेल्या माणसाचा फोन आल्यावर कोणी उठून आत जात नाही गं.

मला तो रविवार दिसतो. उजवी बाजू गेलेली बाई मोबाइल डाव्या हातात धरणार, पाच मिनिटांत हात भरून खाली येणार, मग भावाला निम्मा वेळ छताचा पंखा दिसणार. उरलेल्या वेळात दिसते ती वेणी घातलेली, धुतलेला गाऊन नेसवलेली, तोंडाला पावडर लावलेली आई. फोन यायच्या आधी ही तयारी कोण करतं, ते सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, मालिश, व्यायाम, घशात अडकू नये म्हणून केलेली दाटसर पेज, यातलं काही त्या स्क्रीनवर येत नाही. आलं असतं ते तुझ्या तोंडून. आणि तू आत बसून ते वहीला सांगतेस.

लिहिण्यानं प्रकृतीला बरं पडतं, हे मनाचे डॉक्टर आज सांगतात त्यामागे एक जुना प्रयोग आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकेतल्या संशोधकांचा, १९८६ साली छापून आलेला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या घटनेबद्दल लिहायला लावलं. किती? रोज १५ मिनिटं, लागोपाठ चार दिवस. चारच! लिहून झाल्या झाल्या मुलं उलट उदास झाली. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पुढे पेनेबेकरांनी अशा लिखाणातले शब्दच मोजायला घेतले. फायदा जास्त झाला तो दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘लक्षात आलं’, ‘समजलं’ असे शब्द वाढत गेले त्यांना. म्हणजे त्यांची गोष्ट पहिल्या दिवशी होती तिथे चौथ्या दिवशी राहिली नाही.

तुझी पहिली वही आणि सातवी वही शेजारी ठेवून उघड. पैज लावते, तारखा बदलल्यात आणि मजकूर तोच आहे.

भाऊ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. चांगला आहे असंही नाही. मला तो माहीत नाही, आणि खरं सांगू, तुलाही नाही, कारण तीन वर्षांत तू त्याच्याकडे काही मागितलेलंच दिसत नाही. न सांगता त्याला कळावं, ही तुझी अट. त्या अटीवर तू अडून बसली आहेस आणि अशी काही अट आहे हे त्याच्या गावीही नाही. सोशिकपणा म्हणून लोक तुझं कौतुक करत असतील. मी करणार नाही.

येत्या रविवारी आत जायचं नाही. आईशेजारी बस, फोन तू धर. मायलेकांचं बोलून झालं की फोन घेऊन गॅलरीत जा आणि सांग, “मला सलग सहा आठवडे सुट्टी हवी. तेवढे दिवस आईजवळ तू राहायचंस. कधी येतोस?” ‘जमलं तर’, ‘सवडीनं’ हे शब्द त्या दिवशी तोंडात येऊ द्यायचे नाहीत. तो पटकन पैशावर येईल. म्हणेल, चोवीस तासांची बाई ठेव, मी देतो. बाई जरूर ठेव, पण तो आल्यावर, त्याच्या मदतीला. रडू फुटलं तर फुटू दे, कॉल बंद करू नकोस. ‘नाही’ म्हणाला तर ते त्याच्या तोंडून ऐक. आजवर त्याच्या वतीनं तूच स्वतःला नाही म्हणत आलीस.

तोवर रात्रीचं लिहिणं बंद. फार तर शनिवारी वहीत ही तीन वाक्यं लिहून काढ आणि मोठ्यानं वाचून बघ, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळणार नाही.

आई बिछान्यावरून म्हणेलच, “कशाला गं त्याला उगीच घोर!” बोलणं सुधारलंय म्हणतेस ना, मग म्हणणारच. तिला म्हण, आलेच, आणि दार ओढून घे. तारीख मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.